ओढ, घर्षण आणि जडत्व : बैलाच्या जुवापासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत



आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात न्यूटनचे गतीविषयक तीन नियम आपण सर्वांनी पाठ केलेले असतात. परीक्षा संपली की ते पुस्तकातच राहतात. वास्तविक १६८७ साली ग्रंथरूपाने मांडल्या गेलेल्या या नियमांचा वापर शेतकऱ्याइतका दुसरा कोणी क्वचितच करीत असेल. वैराग आणि बार्शी भागातील एखाद्या शेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. ज्वारीची पेरणी, तुरीतील कोळपणी, काळ्या रानाची नांगरट, द्राक्षबागेतील फवारणीचा ट्रॅक्टर, सोयाबीनची पोती घेऊन बाजाराला जाणारी गाडी आणि हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली. या प्रत्येक कामात कोणीतरी ओढते, काहीतरी विरोध करते आणि काहीतरी हलते. ओढणारे बल विरोधापेक्षा जास्त असेल तर काम होते. ते कमी पडले तर बैलाचा खांदा सुजतो किंवा ट्रॅक्टरचे चाक जागेवर फिरते. आणि हलणारी वस्तू वेळेवर थांबली नाही तर माणूस जातो. या लेखात सूत्रे फार न देता किलो, मीटर आणि सेकंद यांतच हिशेब मांडला आहे. हिशेबाच्या सोयीसाठी आकडे ढोबळ घेतले आहेत. आपल्या ट्रॅक्टरचे व ट्रॉलीचे आकडे घालून तो घरी पुन्हा करून पाहावा. नववीतील मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर तिच्याकडून करून घ्यावा.

बैलजोडीची खरी ताकद किती?

बैल आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश इतकी ओढ सलग काही तास देऊ शकतो. प्रत्येकी ४०० किलोची खिलार जोडी धरली तर तिची टिकाऊ ओढ सुमारे ८० किलो होते. ताशी अडीच किलोमीटर चालीने ही जोडी काम करीत असेल तर तिची शक्ती साधारण पाऊण अश्वशक्ती भरते. क्षणभरासाठी हीच जोडी याच्या कितीतरी पट ओढ देते. गाडी चिखलातून काढताना आपण ते पाहतो. परंतु ती क्षणाची ताकद होय, दिवसाची नव्हे.

आता नांगराकडे पाहू. भारी काळ्या जमिनीत नांगराच्या तासाच्या दर चौरस सेंटीमीटर छेदाला अर्धा किलो किंवा त्याहून अधिक ओढ लागते. जमीन वाळून कडक झाली की हा आकडा आणखी वाढतो. तास १५ सेंटीमीटर रुंद व १२ सेंटीमीटर खोल धरला तर छेद १८० चौरस सेंटीमीटर झाला. चौरस सेंटीमीटरला ०.६ किलो धरल्यास १०८ किलो ओढ लागेल. एका जोडीची टिकाऊ ओढ ८० किलो. हिशेब इथेच तुटतो. पूर्वी लोखंडी नांगराला दोन, तीन, चार जोड्या का जुंपाव्या लागत, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती, असे सांगतात. जमीन विषारी झाली नाही. मात्र खोल नांगरटीला जास्त ओढ लागते ही गोष्ट खरीच होती आणि ज्याच्याकडे एकच जोडी होती त्याला ती सोसत नव्हती. त्याची अडचण अंधश्रद्धेची कमी आणि किलोची जास्त होती, असे मला वाटते.

यावरून एक उपयोगी गोष्ट ध्यानात येते. खोली १२ वरून १० सेंटीमीटर केली तर ओढ १०८ वरून ९० किलोवर येते. तासाची रुंदीही एका बोटाने कमी घेतली तर ती जोडीच्या आवाक्यात बसते. जमिनीत वाफसा असताना नांगरट केली तर चौरस सेंटीमीटरचा आकडाच खाली येतो. बैलाला चाबूक मारून यातले काहीही साध्य होत नाही.

ओढीचा कोन आणि जुवाचा तोल

जू बैलाच्या मानेवर वर असते आणि औजार खाली जमिनीत असते. त्यामुळे ओढीची रेषा तिरपी असते. तिरप्या ओढीचे दोन भाग पडतात. एक भाग औजाराला पुढे नेतो, दुसरा औजाराला वर उचलतो व तेवढाच मानेवर खाली दाब देतो. ओढीची रेषा जमिनीशी २० अंशांचा कोन करीत असेल तर ८० किलोपैकी सुमारे ७५ किलो पुढे जाण्यास उपयोगी पडतात आणि २७ किलो मानेवर दाबतात. कोन ३० अंश झाला तर उपयोगी ओढ ६९ किलो राहते व मानेवरचा दाब ४० किलो होतो. औजार जुवाच्या फार जवळ जोडले की कोन वाढतो. दांडी किंवा दोर थोडा लांब घेतल्यास कोन कमी होतो व मानेला आराम मिळतो. अर्थात कोन बदलला की औजाराची खोलीही बदलते, म्हणून फरक थोडा थोडा करावा व दोन-चार तासे चालवून पाहावे.

जोडीत एक बैल दांडगा व दुसरा हलका असणे नेहमीचेच. मध्यभागी जोडलेले जू दोघांवर सारखा भार टाकते. हलका बैल मग मागे पडतो, जू तिरपे होते आणि मार त्यालाच बसतो. जू ही एक तरफ आहे. दोन मानांमधील अंतर १२० सेंटीमीटर असेल आणि जोडणीची जागा मध्यापासून ६ सेंटीमीटर दांडग्या बैलाकडे सरकवली, तर ८० किलोपैकी दांडग्या बैलाला ४४ व हलक्याला ३६ किलो ओढावे लागतात. चार बोटांपेक्षा कमी सरकवण्याने दोघांच्या भारात आठ किलोचा फरक पडतो. जुने जाणते शेतकरी हे करीतच आले आहेत. शाळेच्या भाषेत त्याला बलाचे आघूर्ण म्हणतात, एवढेच.

गाडीच्या भरतीचाही तोल असाच पाहावा. माल आसाच्या मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. माल पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर येतो. जुवावर थोडासाच भार राहील अशी भरती बरोबर. चढाला लागताना गाडी मागे झुकते, त्या वेळी उलाळ होण्याची शक्यता वाढते हे भरतानाच लक्षात ठेवावे.

चाकाखाली काय आहे?

१,५०० किलो वजनाची भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर हवेच्या चाकांवर चालत असेल तर तिला ओढण्यास ३० ते ४५ किलो बळ पुरते. हीच गाडी नांगरलेल्या भुसभुशीत रानात असेल तर १५० ते ३०० किलो लागतात. वजन तेच, बैल तेच, फरक चाकाखालच्या जमिनीचा. मऊ जमिनीत चाक रुतते आणि पुढे जाण्यासाठी त्याला सतत स्वतःच तयार केलेल्या खड्ड्यातून वर चढावे लागते. म्हणून रानातून माल काढताना अर्धी गाडी भरून बांधावर आणावी व तेथे भरती पुरी करावी. दोन खेपा पडतात, पण बैल वाचतो. मोठ्या व्यासाचे आणि रुंद चाक कमी रुतते. आसाला वंगण नसेल तर त्या घर्षणाची भर वेगळीच.

चाकाखाली पोलाद असेल तर काय होते याचा धडा आपल्याच तालुक्यात घडलेला आहे. १८९७ साली बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी अशी बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. पोलादी रुळावर पोलादी चाक जवळजवळ रुततच नाही. त्यामुळे १,५०० किलो वजन ओढण्यास तेथे पाच-सात किलो बळ पुरते. या रेल्वेचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फूट रुंदीचा मार्ग निवडला आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येणार नाही असे ठरवून इंजिने व डबे बांधले. रूळ हलके ठेवता यावेत म्हणून वजन अनेक चाकांवर वाटून टाकले. १९११ साली हा मार्ग लातूरपर्यंत व १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचला. आता तो सारा रुंद झाला आहे. पण आसावरचे वजन मर्यादित ठेवण्याचा विचार आजही आपल्या शेतात लागू पडतो. ओल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली नेली की चाकाखालची माती एका फेरीत इतकी दाबली जाते की पुढच्या पिकाच्या मुळ्या तेथे अडतात व पाणी मुरत नाही. ट्रॉली रानात न्यायचीच असेल तर एकाच पट्ट्यातून ये-जा करावी. सगळे रान दाबण्यापेक्षा एक पट्टा दाबलेला बरा.

ट्रॅक्टर स्वतः कसा पुढे जातो?

इंजिन ट्रॅक्टरला ढकलत नाही. इंजिन चाक फिरवते, चाक मातीला मागे ढकलते आणि माती ट्रॅक्टरला तेवढ्याच बळाने पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. मातीत तेवढी ताकद नसेल तर अश्वशक्ती कितीही असो, चाक जागेवर फिरते. याला चाकाची घसर म्हणतात. नांगरटीत १० ते १५ टक्के घसर चालण्यासारखी आहे. त्याहून जास्त घसर म्हणजे डिझेल आणि टायर मातीत घालणे होय.

घसर मोजणे अगदी सोपे आहे. मागच्या चाकावर खडूने खूण करा. नांगर जमिनीत असताना चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर किती मीटर गेला ते मोजा. नंतर नांगर वर उचलून त्याच रानात पुन्हा दहा फेरे मोजा. उचललेल्या नांगराने ४० मीटर व लावलेल्या नांगराने ३४ मीटर आले तर ६ मीटर वाया गेले, म्हणजे १५ टक्के घसर. आकडा २५ च्या घरात गेला तर खोली कमी करावी, मागच्या चाकांवर वजन वाढवावे किंवा वाफसा येण्याची वाट पाहावी. ट्रॅक्टरचे मॉडेल किती अश्वशक्तीचे याची चर्चा पारावर तासन्‌तास चालते, पण खडूची खूण करून घसर मोजणारा शेतकरी फारच विरळा.

पुढची चाके उचलली जातात तेव्हा

मागच्या चाकांच्या जमिनीवरील टेकूभोवती ट्रॅक्टर एखाद्या तरफेसारखा वागतो. मागे ओढ बसली की पुढचा भाग हलका होतो. किती हलका होतो हे ओढ किती उंचीवर बांधली आहे यावर अवलंबून असते. २ टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर सुमारे ७०० किलो वजन असते आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर १.९ मीटर असते असे धरू. १,४०० किलोची ओढ खालच्या ओढपट्टीला, जमिनीपासून ४५ सेंटीमीटर उंचीवर बांधली, तर पुढच्या चाकांवरून सुमारे ३३० किलो वजन कमी होते. ३७० किलो शिल्लक राहतात आणि स्टिअरिंग हातात राहते. आता हीच साखळी वरच्या जोडणीला, एक मीटर उंचीवर अडकवली तर कमी होणारे वजन सुमारे ७४० किलो. पुढे होते ७००. पुढची चाके जमीन सोडतात.

एकदा चाके उचलली की ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटण्यास एक-दीड सेकंद पुरतो. क्लच दाबण्याचा विचार मनात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. झाडाचे खोड उपटताना किंवा रुतलेली ट्रॉली ओढताना असे अपघात घडतात. साखळी नेहमी खालच्या ओढपट्टीलाच बांधावी, तिला झटका देऊ नये, हलक्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा.

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक घातक पद्धत सर्रास आढळते. मागच्या चाकांपुढे लाकडाचा ओंडका घालतात किंवा तो साखळीने चाकालाच बांधतात. त्यामुळे चाक अडते. इंजिनचे बळ मग चाक फिरवू शकत नाही, ते चाकाभोवती सगळा ट्रॅक्टर फिरवते. हाही तिसराच नियम आहे. रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो मागे घेऊन काढावा, चाकापुढचा चिखल खोऱ्याने काढावा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती मजबूत चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू पुढे खूपच कमी झाले. आपल्याकडे अशी चौकट असलेला ट्रॅक्टर मिळत असेल तर ती काढून ठेवू नये. द्राक्षाच्या मांडवाखाली ती अडते हे खरे. तेवढ्यापुरती दुमडणारी चौकट घ्यावी आणि बागेबाहेर आल्यावर ती उभी करावी.

उसाची ट्रॉली थांबवणे

या लेखाचा मुख्य विषय इथे सुरू होतो. कारण उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॉल्या धावतात आणि प्रत्येक हंगामात अपघातांच्या बातम्या येतात.

पहिला नियम सांगतो की चालती वस्तू तशीच चालत राहते, जोपर्यंत बाहेरचे बल तिला अडवत नाही. या प्रवृत्तीला जडत्व म्हणतात. भरलेल्या ट्रॉलीचे जडत्व ट्रॅक्टरच्या चार-पाच पट असते. दुसरा नियम सांगतो की वस्तुमान जितके जास्त तितके तेच बल तिला सावकाश थांबवते. आपल्याकडील अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, किंवा असला तरी जोडलेला नसतो. म्हणजे सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी थांबवायचा.

हिशेब करू. ट्रॅक्टर २ टन, भरलेली ट्रॉली १० टन, एकूण १२ टन. ट्रॉलीच्या दांडीतून येणारा थोडा भार धरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर २,००० किलो वजन आहे. कोरड्या डांबरावर टायर आपल्यावरील वजनाच्या सुमारे ०.६ पट बळाने धरतो, म्हणजे १,२०० किलो. चाकांच्या लोळण्याला होणारा विरोध येथे सोडून दिला आहे. तो थोडी मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

सपाट कोरड्या रस्त्यावर, ताशी २० किलोमीटर वेगात, ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत ही जोडगाडी सुमारे १५ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटर वेगात ती ३५ मीटर जाते. वेग दीडपट झाला, अंतर सव्वादोन पट झाले, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो त्यात पाच ते आठ मीटर वेगळे.

आता उतार घ्या. २० मीटरला १ मीटर असा उतार डोळ्याला फारसा जाणवतही नाही. परंतु त्यावर १२ टनांचा विसावा भाग, म्हणजे ६०० किलो बळ, गाडीला खाली ओढत असते. १,२०० मधून ६०० गेले, ६०० उरले. ताशी २० ला ३१ मीटर आणि ताशी ३० ला सुमारे ७० मीटर लागतात. रस्त्यावर उसाचे पाचट पडलेले असेल, चिखल आला असेल किंवा पावसाने रस्ता ओला असेल तर टायरची पकड ०.६ वरून ०.३ वर येते. मग पकड ६०० किलो आणि उताराची ओढही ६०० किलो. थांबण्यासाठी जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. ब्रेक नवे असोत की जुने, ब्रेकचा यात दोष नाही. ब्रेक चाक थांबवतो, चाक रस्त्यावर घसरत जाते.

दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या तर एकूण वजन २२ टन होते. त्याच उतारावर, अगदी कोरड्या रस्त्यावर, उताराची ओढ १,१०० किलो आणि पकड १,२०० किलो. उरले १०० किलो. एवढ्या बळाने २२ टन ताशी २० वेगातून थांबवायचे तर ३०० मीटरपेक्षा जास्त रस्ता पाहिजे. ज्यांना दोन ट्रॉल्यांत एक खेप वाचल्याचा फायदा दिसतो त्यांनी हा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावा, असे मी सुचवीन.

या हिशेबातून काही गोष्टी आपोआप निघतात. उताराला लागण्याआधीच, वरच्या टोकालाच, खालचा गिअर घालावा. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन स्वतः गाडीला धरून ठेवते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा शुद्ध जुगार आहे. त्यात इंजिनची पकड जाते आणि मधे गिअर पुन्हा पडत नाही. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल रस्त्यावर येताना कडीने एकत्र जोडावेत. रानात वळण्यासाठी ते वेगळे असतात. रस्त्यावर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो आणि मागून ट्रॉली ढकलत येते. ट्रॅक्टर व ट्रॉली चाकूच्या पात्यासारखी दुमडतात. आणि ट्रॉलीला ब्रेक असेल तर तो जोडून घ्यावा. १० टनांचे वजन स्वतःच्या चाकांनी थांबू लागले की पकड अनेक पट वाढते. ट्रॉली घेताना सर्वांत आधी हेच विचारावे, रंग नंतर पाहावा.

वळण आणि उंच भरती

वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते, रस्ता तिला वळवतो. मोळ्यांची भरती चाकांच्या वर उंच गेली की गुरुत्वमध्य वर जातो. ट्रॉलीच्या मध्यापासून चाकापर्यंतचे अंतर ०.८ मीटर व गुरुत्वमध्याची उंची १.७ मीटर धरली, तर वळणावर बाहेर फेकणारे बल वजनाच्या ०.४७ पट झाले की ट्रॉली पलटी होण्याच्या काठावर येते. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० वेगाला हे बल वजनाच्या ०.२१ पट असते. ताशी ३० ला ते ०.४६ पट होते. म्हणजे काठावरच. साईडपट्टी खचलेली असेल आणि बाहेरचे चाक दहा-पंधरा सेंटीमीटर खाली गेले तर काठही उरत नाही. भरती अर्धा मीटर कमी उंच ठेवणे आणि वळणाआधी वेग कमी करणे, दोन्ही हवे. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणे उशिराचे आहे.

पाण्याच्या टाकीबाबत थोडेसे. दुष्काळात बागांना ट्रॉलीवरील टाकीने पाणी आणण्याची वेळ आपल्या भागावर अनेकदा आली आहे. पाच हजार लिटरची टाकी निम्मी भरलेली असेल तर अडीच टन पाणी आत मोकळे असते. ब्रेक दाबला की ते पुढे धावते, वळण घेतले की बाहेरच्या बाजूला चढते, आणि नेमके नको त्या वेळी गुरुत्वमध्य सरकवते. टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी चालवावी, किंवा आत आडव्या पत्र्यांचे कप्पे असलेली टाकी घ्यावी.

उभी ट्रॉली

हलणाऱ्या ट्रॉलीपेक्षा रात्री रस्त्यावर उभी असलेली ट्रॉली जास्त घातक ठरू शकते. टायर फुटला म्हणून ती तशीच सोडली जाते. मागून येणारा मोटारसायकलवाला ताशी ६० वेगात असेल तर दर सेकंदाला १६ ते १७ मीटर जातो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतात त्याला काळी ट्रॉली ४० मीटरवर दिसली असे समजू. अडथळा ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. थांबायला चांगल्या रस्त्यावर आणखी २३ मीटर लागतात. बेरीज ४८. रस्ता ४० मीटर. तो वाचत नाही, आणि त्याची चूकही फारशी नाही.

ट्रॉलीच्या मागे दोन्ही कडांना लाल परावर्तक पट्ट्या लावल्या की ती दीडशे-दोनशे मीटरवरून दिसते. खर्च काही शे रुपयांचा. गाण्यांच्या कर्ण्यांवर याच्या कितीतरी पट खर्च केलेला मी अनेक ट्रॅक्टरवर पाहिला आहे. पट्ट्या उसाच्या लोंबत्या पाचटाने झाकल्या जातात, म्हणून भरती झाल्यावर त्या पुसून, पाचट कापून मगच निघावे. ट्रॉली बंद पडलीच तर ती डांबरावरून खाली घ्यावी. घेता येत नसेल तर मागे पन्नास-साठ पावलांवर माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. दगड ठेवून भागत नाही. दगड रात्री दिसत नाहीत आणि टायर बदलून झाल्यावर ते रस्त्यातच राहतात.

चाकाला मात्र दगड किंवा लाकडी पाचर जरूर लावावी, आणि ती उताराच्या खालच्या बाजूने. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवताना आधी पाचर, मग खीळ काढणे, हा क्रम कधीही बदलू नये. २० मीटरला १ मीटर उतारावर १० टनांची ट्रॉली ५०० किलो बळाने सरकू पाहते, आणि ते बळ दोन माणसांच्या हातांनी अडत नाही. निघताना पाचर काढून ट्रॉलीतच ठेवावी.